साडेचारशेंची यादी आणि सहा लाखांचं लग्न

पत्र: "मी २८ वर्षांची, नागपुरात मानेवाडा भागात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. नवरदेव वर्ध्याचा. दोन्ही घरांनी मिळून लग्नासाठी सहा लाख ठरवलेत, कपडे-दागिने वेगळे. बाबांना मे महिन्यात लॉनवर लग्न आणि त्याच रात्री रिसेप्शन हवं आहे. यादी साडेचारशेवर गेली. आलेले दर असे: लॉन १,८०,०००, लग्नाचं जेवण ४५० रुपये ताट, रिसेप्शन ५५० रुपये ताट (४०० लोक), सजावट १,२०,०००, फोटो-व्हिडिओ ९०,०००. मला लग्न आमच्यासारखं हवंय, जमेल तितकं हाताने केलेलं. सजावट आणि पत्रिका मी स्वतः केली तर भागेल का? एका शब्दात सांगायचं तर, कुठे कापू?"

प्रिय ताई,

एका शब्दात उत्तर: ताटं. तुमचेच आकडे जोडून पाहा. ४५० ताटं गुणिले ४५० म्हणजे २,०२,५००. रिसेप्शनचे २,२०,०००. लॉन, सजावट आणि फोटो धरून बेरीज ८,१२,५०० होते. यात गुरुजी नाहीत, वर्ध्याची बस नाही, आहेर-मानपान नाही, सकाळचा नाश्ता नाही. सजावट पूर्ण रद्द केलीत तरी ६,९२,५०० उरतात. म्हणजे रात्र-रात्र जागून तुम्ही कागदाची फुलं केलीत तरी हे लग्न सहा लाखांत बसत नाही, कारण निम्म्याहून जास्त पैसा दोन जेवणांत आहे.

म्हणून पहिला निर्णय, रिसेप्शनचा. एकाच दिवशी तेच लोक दोनदा जेवतात, आणि दुसऱ्या जेवणाला घरची माणसं दमून खुर्चीत बसलेली असतात. ते काढा. लग्न सकाळचं, जेवण दुपारचं, एकच.

दुसरा निर्णय यादीचा. इथे बहुतेक घरं एका गोष्टीत फसतात: पत्रिका मोजतात, माणसं मोजत नाहीत. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलं की एका पत्रिकेमागे चार-पाच माणसं आली. शंभर पत्रिका म्हणजे चारशे-साडेचारशे ताटं, हे गणित छापखान्यातच ठरून जातं. वहीत नावापुढे आकडा लिहा: 'मोठे काका – ५', 'शेजारच्या मावशी – २'. तुमच्या घराला १००, वर्ध्याला १००, दोघांच्या मित्रमंडळींना ३०. उरलेली १० ताटं फोटोग्राफर, ड्रायव्हर, सनईवाले आणि वाढणाऱ्यांच्या देखरेखीला येणाऱ्या माणसांची. ही ताटं कोणी धरत नाही, आणि शेवटी बिलावरून वाद होतो तो याच दहा-पंधरा ताटांवरून. एकूण २४०. जेवणाचा खर्च १,०८,०००.

नाव ठेवायचं की नाही यासाठी एक कसोटी चांगली चालते: गेल्या दोन वर्षांत आपण त्यांच्या घरी किंवा ते आपल्या घरी आले का? लग्न-मुंज-तेरवी सोडून. उत्तर नाही असेल तर ते नाव दुसऱ्या वहीत. दुसरी वही फेकायची नाही, तिच्याबद्दल शेवटी सांगते आहे, कारण बाबांचा जीव तिच्यात आहे.

आता तारीख. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४-४५ अंश असतं आणि सूर्य मावळला तरी लॉनची जमीन तापलेलीच राहते. कूलर, त्यांच्यासाठी जनरेटर, बर्फ, दुप्पट पाणी, हे सगळं वेगळं बिलात येतं. ताक दोन तासांत आंबतं, हार दुपारीच मान टाकतो. वर एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळात कनाती उडतात, तो धोका वेगळाच. फाल्गुन घ्या, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत. दोन्हींपैकी कुठल्याही घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर मात्र माघ पाहा. पौषात बहुतेक घरं मुहूर्त धरत नाहीत. डिसेंबर हवाहवासा वाटतो, पण हिवाळी अधिवेशन साधारण त्याच महिन्यात असतं. तेव्हा हॉटेलच्या खोल्या आणि भाड्याच्या गाड्या मिळणं अवघड, सिव्हिल लाईन्स-सीताबर्डीचे रस्ते अडलेले. वर्ध्याचं वऱ्हाड पाऊणशे किलोमीटर येऊन शेवटच्या चार किलोमीटरात अडकेल. मुहूर्त सोमवार ते गुरुवारातला मिळाला तर जागेचा दर मोकळेपणाने बोलता येतो. रविवारी कोणी ऐकून घेत नाही.

२४० माणसांना लॉन लागत नाही. एखादं मंगल कार्यालय किंवा समाजभवन अर्ध्या दिवसासाठी, सकाळी सहा ते दुपारी चार, असं मागा आणि १,१०,००० च्या वर जाऊ नका. भाडं विचारून फोन ठेवू नका, खरा खर्च पुढच्या प्रश्नांत आहे. वीज मीटरवर वेगळी की धरून? जनरेटरचं डिझेल कोणाचं? साफसफाईचे वेगळे? आपला कॅटरर, आपला मंडपवाला चालेल, की बाहेरच्याला आत यायचे पैसे द्यावे लागतील? खोल्या किती, आणि आदल्या रात्री मिळतील का? जीएसटी धरून की वगळून? अनामत किती दिवसांत परत? ही उत्तरं पावतीच्या मागे लिहून सही घ्या. स्वस्त दिसलेला हॉल या सात प्रश्नांनंतर पुष्कळदा महाग निघतो.

जेवणाकडे येऊ, कारण इथे पैसा वाचतो आणि लग्नाला चवही येते. कॅटरर जे चाट, पास्ता, चायनीजचे काउंटर सुचवतो, त्याने ताट महाग होतं आणि लोक सगळीकडून थोडं-थोडं घेऊन अर्धं टाकतात. आपल्याकडचंच जेवण ठेवा आणि नीट ठेवा: वडा-भात, पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात-तूप, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, आणि गोड एकच. जिलेबी किंवा बासुंदी. पुरणपोळीचा मोह आवरा. ती तव्यावरून ताटात आली तरच पुरणपोळी, आणि २४० जणांना गरम वाढायला पाच-सहा बायका सलग उभ्या लागतात. आदल्या रात्रीची चामट पोळी वाढण्यापेक्षा नसलेली बरी.

वडा-भाताला मात्र मान द्या. माणशी दोन वडे धरले तर तूर, हरभरा, मूग आणि थोडी उडीद मिळून साडेसात किलो डाळ लागते. चार तास भिजवायची, जाडसर वाटायची. मार्चच्या उकाड्यात रात्रभर भिजली तर आंबते आणि वडे तेल पितात. वाटणात पाणी जास्त झालं की वडा कढईत फुटतो, म्हणून डाळ निथळून घ्यायची. वडा-भाताला तांदूळ १९-२० किलो आणि वरणासोबतच्या भाताला वेगळे आठ-दहा किलो. भंडाऱ्याचा चिन्नोर मिळाला तर उत्तम. वडा-भाताचा भात मोकळा करून परातीत पसरायचा. फोडणी शेवटच्या क्षणी: माणशी मोठा चमचाभर म्हणजे साडेतीन लिटर तेल, मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या. ती पंगतीत पातेल्यातून भातावर पडताना लोकांना दिसू द्या, आवाज येऊ द्या. तुम्हाला जे 'आमच्यासारखं' हवं आहे, ते कुठल्याही फुलांच्या कमानीपेक्षा इथे जास्त आहे.

बाकीची मापं कॅटररशी बोलताना जवळ असू द्या: पोळ्या माणशी तीन, म्हणजे २२ ते २४ किलो कणीक. तूरडाळ सात किलो. मठ्ठा माणशी एक मोठा पेला, त्याला १२ किलो दही. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे १४ जार. पंगत बसवणार असाल तर पळसाच्या पत्रावळी छान दिसतात, पण हाताने टाचलेल्या एकेरी पत्रावळीतून रस्सा सांडतो. दाबून केलेल्या दुहेरी घ्या, रश्शाला द्रोण वेगळा. बुफेत पत्रावळ हातात वाकते, तिथे ताटच बरं. सकाळच्या नाश्त्याला तर्री-पोहेच हवेत: १२० माणसांना आठ किलो जाड पोहे, रश्शाला चार किलो हरभरे रात्री भिजवलेले. पोहे एकदम भिजवले की गोळा होतो, दोन-दोन किलोच्या घाण्यात करा. चहा धरून २५,००० यासाठी ठेवा.

कॅटररशी करार असा लिहा: २१० ताटांची हमी, २४० पर्यंत तयारी, मोजणी ताटांची. रिकामी ताटं किती आणली, धुवायला किती गेली, हे तुमचा एक चुलतभाऊ आणि त्यांचा एक माणूस मिळून मोजतील. पक्का आकडा आठ दिवस आधी. उरलेलं अन्न कोण नेणार हेही त्याच कागदावर.

आता हाताने करायचं काय? ताई, तुम्ही चित्रकला शिकवता, म्हणून तुम्हाला सगळंच करावंसं वाटेल. एक हिशेब करा. एक कागदी फूल चार मिनिटं. २४० फुलं म्हणजे १६ तास, आणि ती ज्या आठवड्यात करायची त्याच आठवड्यात मेंदी, हळद, पाहुणे. घरगुती सजावट फसते ती हौस कमी पडून नव्हे, आदल्या रात्री हात कमी पडतात म्हणून. तीनच गोष्टी निवडा, ज्या महिनाभर आधी पूर्ण होऊन कपाटात ठेवता येतील. व्यासपीठाची सजावट मंडपवाल्याला साधी द्या: मागे एकरंगी कापड, झेंडू-शेवंती, आंब्याची पानं. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमध्ये पहाटे फुलं घेतली तर किलोभर झेंडूत चार-पाच मीटर दाट माळ होते. पान-फूल आलटून पालटून ओवलं तर त्याच्या दुप्पट. सजावटीला ४५,००० पुरतात.

पहिली गोष्ट, अंतरपाट. लग्नात सगळ्यांची नजर ज्या एका कापडावर खिळलेली असते, ते बहुतेक ठिकाणी कार्यालयाचं मळकं पंचासारखं कापड असतं. वर्ध्याची पातळ खादी घ्या, दोन तुकडे, प्रत्येकी पावणेदोन मीटर बाय सव्वा मीटर. तयार अंतरपाट दीड मीटर बाय एक मीटरचा होईल. हातसुताची खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच चित्र उतरवा. नाहीतर भरतकामाभोवती कापड चुरगळतं. आता गंमत अशी की अंतरपाटाला दोन बाजू असतात. एक नवरीला दिसते, एक नवरदेवाला, आणि एकेरी कापडावर भरलं तर एकाच्या वाट्याला गाठी आणि लोंबते दोरे येतात. म्हणून एक तुकडा तुमच्या घरच्या बायका भरतील, दुसरा वर्ध्याच्या, आणि नंतर पाठीला पाठ लावून शिवायचे. वर्ध्याच्या आज्या-काकवांनी भरलेली बाजू तुमच्याकडे करा, तुमच्या घरची नवरदेवाकडे. मध्ये स्वस्तिक, भोवती प्रत्येकीने तळहातभर जागेत आपल्याला येईल ते: तुळस, गाय, कापसाचं बोंड, जातं. साधा धावदोरा आणि साखळी टाका पुरे. लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून पाहा, रंग सुटला तर तो बदला. वरच्या काठाला तीन सेंटिमीटरचा नेफा ठेवून त्यात बारीक बांबूची काडी घाला, नाहीतर आठव्या मंगलाष्टकेपर्यंत कापड मध्ये झुकतं आणि ज्यांनी एकमेकांना पाहायचं नाही ते आधीच पाहतात. दीड महिना द्या.

दुसरी, मंगलाष्टका. त्या स्वतः लिहा, आणि वृत्तात लिहा, कारण चाल वृत्ताची आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत १९ अक्षरं, बारा अक्षरांनंतर थांबा. गण म स ज स त त ग. सोपी खूण: शेवटची सात अक्षरं 'कुर्यात् सदा मंगलम्' या ठेक्यात बसली पाहिजेत. पहिल्या बारांसाठी गुरू-गुरू-गुरू, लघू-लघू-गुरू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू. सुरुवातीला एक ओळ घ्या: 'नागाची नगरी, वऱ्हाड सजले, संत्री फुले अंगणी'. बोटावर मोजा, मग पुढची तुमची. फाल्गुनात आपल्याकडे पळस पेटलेला असतो, संत्र्याच्या बागांना मोहोराचा वास असतो. लिहायला साहित्य दारात आहे. चुका दोन होतात. एक, सगळ्या नातेवाइकांची नावं कोंबली जातात आणि वृत्त मोडतं, मग गाणारी अडखळते. नावं दोन कडव्यांतच आणा: आईवडील आणि आजी-आजोबा. दुसरी, प्रत्येक आत्या आपलं एक कडवं आणते. कडव्याला पाऊण-एक मिनिट लागतं, आठांना सहा ते आठ मिनिटं. चौदा झाली की गुरुजी घड्याळ दाखवतात आणि शेवटची घाईत उरकतात. आठच, कोण कोणतं म्हणणार ते कागदावर, आणि एक प्रत गुरुजींना आठवडाभर आधी.

तिसरी, येणाऱ्याच्या हातात संत्रं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात. मध्यम आकाराची किलोला सहा धरली तर २४० जणांना ४० किलो, थोडी दबलेली निघतील म्हणून ४५. कळमन्याच्या फळबाजारातून क्रेटने आणा, पण दोनच दिवस आधी, आणि क्रेट एकावर एक तीनपेक्षा जास्त रचू नका. प्रत्येकाला देठाशी सुतळीने बांधलेली चिठ्ठी, तुमच्या हातच्या चित्राची. चित्र एक काढून छापून घ्या, २४० काढत बसू नका. परतीच्या भेटीचा प्रश्न इथेच सुटतो, डबे-वाट्या वाटायची गरज नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात: एक फोटो काढणारा, एक व्हिडिओवाला, सहा तास, ७०,००० पर्यंत. अल्बम नंतर कधीही होतो. मूळ फाइल्स सगळ्या मिळतील हे लिहून घ्या आणि कोणाकोणाचे फोटो हवेतच त्या वीस नावांची यादी द्या. फोटोग्राफर आजीला ओळखत नसतो.

उरलेलं असं बसतं: पत्रिका १०,०००, गुरुजी आणि पूजेचं साहित्य २०,०००, सनई-चौघडा आणि स्पीकर २०,०००, वर्ध्याची बस व गाड्या ३०,०००, घरचा मांडव आणि हळद ३०,०००, आहेर-मानपान ४२,०००. हळदीच्या रात्री स्पीकर दहाला बंद, तो नियम आहे आणि शेजाऱ्यांचाही विचार आहे. ६०,००० राखीव ठेवा आणि त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका, शेवटच्या आठवड्यात तो लागतोच. लग्नाच्या दिवशी कोणाला किती द्यायचे बाकी आहेत त्याची पाकिटं आदल्या रात्री नावं घालून भरा आणि एका माणसाकडे सोपवा, जो फोटोत नसला तरी चालेल. लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात करून टाका. तीन साक्षीदार लागतात, ते लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयातच ठरवून ठेवा आणि पत्रिकेच्या दोन प्रती जपा.

आतापर्यंतची बेरीज ५,७०,००० झाली. राहिलेले ३०,००० त्या दुसऱ्या वहीचे आहेत.

बाबांची साडेचारशेंची यादी हा हट्ट नाही. ज्यांच्या घरी ते वर्षानुवर्षं जेवून आले, त्यांना मुलीच्या लग्नात बोलावलं नाही तर तोंड कसं दाखवू, ही त्यांची चिंता आहे, आणि ती खरी आहे. त्यांना 'यादी कापू' म्हणू नका. लग्नानंतरच्या रविवारी मानेवाड्यालाच, घराजवळच्या सभागृहात किंवा गच्चीवर, संध्याकाळी पाच ते आठ चहाचं बोलावणं ठेवा. २०० माणसं, माणशी १५० रुपये: गरम सांबारवडी (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर), संत्रा बर्फी, चहा. मार्चपर्यंत सांबार भरपूर आणि स्वस्त असतो. वड्या करणाऱ्या बाईंना तिथेच कढई लावू द्या, कारण सांबारवडी निवली की मऊ पडते. बोलावणं बाबांनी स्वतः फोनवर करावं, 'जोडपं तुम्हाला भेटायला थांबणार आहे' असं म्हणून. ज्यांना या चहाला बोलवाल त्यांना लग्नाची पत्रिका पाठवू नका, व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही, नाहीतर ते दोन्हीकडे येतील आणि चूक त्यांची नसेल. लग्नात व्यासपीठावर रांग लावून दोन सेकंद हात जोडण्यापेक्षा या तीन तासांत बाबांना आपल्या माणसांजवळ बसता येईल. तिथे अंतरपाट दोरीवर मधोमध टांगा, दोन्ही बाजूंनी फिरून पाहता येईल असा, आणि कोणता कोपरा कोणी भरला ते सांगायला आईला जवळ उभी करा.